गाडीचे मागचे शॉकअप आणि स्प्रिंग घरी बदलायचे तर

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा माझ्या हॅचबॅकचे मागचे शॉकअप स्वतः बदलले. भाग चांगल्या कंपनीचे होते, बोल्ट घट्ट आवळले होते, गाडीही छान चालत होती. चार महिन्यांनी मागून खडखड सुरू झाली. खाली वाकून पाहिलं तर नव्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यातलं (बोल्ट जातो त्या कडीतलं) रबरी बुश फाटून बाहेर डोकावत होतं. चूक भागांची नव्हती. गाडी हवेत असताना, चाकं खाली लोंबकळत असताना मी बोल्ट पूर्ण आवळले होते. त्यामुळे बुशचं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहिलं. या लेखात बाकीचं पुष्कळ आहे, पण एवढी एक गोष्ट तुमच्या डोक्यात पक्की बसली तरी मला समाधान आहे. म्हणून ती मी दोन-तीनदा सांगणार आहे.

लेखातली कृती ज्या गाड्यांच्या मागच्या बाजूला आडवा टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी लोखंडी तुळई) असतो आणि स्प्रिंग व शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात त्यांच्यासाठी आहे. स्विफ्ट, बलेनो, पोलो, अल्ट्रोज या सगळ्या याच घराण्यातल्या. शॉकअपभोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली असेल, तर ती उतरवायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून पहिल्याच खेपेला घरी तिच्या वाटेला जाऊ नका. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीचं काम तर अगदीच निराळं आहे.

आधी दुखणं ओळखा

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं हेलकावणं थांबवायचं. हे लक्षात न घेता अनेक जण "गाडी मागून बसते" म्हणून शॉकअप बदलतात आणि गाडी तशीच बसलेली राहते. गॅसच्या शॉकअपमुळे मागची बाजू किंचित वर आल्यासारखी वाटते, पण तेवढंच.

गाडी रिकामी असतानाही मागून खाली दिसते, किंवा मागे तिघे बसल्यावर गतिरोधकाला पोट घासतं, तर स्प्रिंग थकलेली आहे, नाहीतर तिचं एखादं वेटोळं तुटलेलं आहे. बहुतेकदा खालचं शेवटचं वेटोळं तुटतं. तिथे पाणी आणि माती साचते, रंग उडतो आणि गंज धरतो. कोकणातल्या गाड्यांत हे फार दिसतं. खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली होते, वळणावर मागची बाजू तरंगल्यासारखी वाटते, किंवा शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा आहे, तर शॉकअप गेले. पावसानंतर अंगावर नुसती ओलसर धूळ असणं वेगळं आणि तेल गळणं वेगळं. बोटाने पुसून पाहा.

दोन्ही गेलं असेल तर दोन्ही एकाच वेळी बदला, कारण मेहनत तीच पडते. आणि नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना शॉकअप ठेवला, तर जोरात ब्रेक लावताना गाडी तिरकी वागते.

काय घ्यावं, काय घेऊ नये

बाजारात मूळ दर्जाचे आणि त्याहून कडक असे दोन्ही प्रकार मिळतात. १९६१पासून शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएलचे कारखाने आपल्या चाकणला आणि नाशिकला आहेत. त्याशिवाय मनरो, केवायबी, बिलस्टीन, कोनी ही नावं ऐकू येतील. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ उंचीची स्प्रिंग आणि चांगला गॅस शॉकअप ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

"थोडी जाड" स्प्रिंग घेऊ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार १० टक्के जाड झाली की स्प्रिंग १० टक्के नाही, जवळजवळ ४६ टक्के कडक होते. पाच टक्के जाड तारेलाही कडकपणा जवळजवळ २२ टक्क्यांनी वाढतो. एवढ्या कडक स्प्रिंगला मूळ शॉकअप आवरू शकत नाही आणि रिकामी गाडी मागून बैलगाडीसारखी आदळते. म्हणून आधी स्वतःला विचारा, वर्षातले किती दिवस गाडी पूर्ण भरलेली असते? गणपती आणि मे महिन्याची सुट्टी सोडली तर बहुतेकांच्या गाडीत दोनच माणसं असतात.

मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली आणणं तर अजिबात नको. कापल्यावर वेटोळी कमी होतात म्हणून स्प्रिंग कडक होते, आणि तिचं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक पूर्ण लोंबकळलं की ती जागेवरून सरकू शकते. वेटोळ्यांच्या मध्ये घालायचे रबरी किंवा सिलिकॉनचे बफर मिळतात, तेही मी बसवत नाही. बफर घातलेली दोन वेटोळी काम करेनाशी होतात आणि त्यांच्या वाटची हालचालही उरलेल्यांवर पडते. गाडी वर येते खरी, पण थकलेली स्प्रिंग आणखी थकते.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. मूळ मापाचाच पण दुसऱ्या कंपनीचा शॉकअप बसवणं ही दुरुस्ती आहे. गाडी दोन इंच वर उचलणं किंवा खाली बसवणं हा बदल आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो, तेव्हा हा फरक महाग पडू शकतो.

खरेदी करताना चॅसिस नंबर सांगून भागाचा क्रमांक जुळवा, पक्कं बिल घ्या, आणि वरचं माउंटिंग, बंप स्टॉप (चाक फार वर गेलं की धक्का झेलणारं रबर), धूळ-टोपी आणि स्प्रिंगच्या वरखालची रबरं नवीनच घ्या. नट-बोल्टही नवे असलेले बरे. नायलॉनचे लॉकनट एकदा उघडले की त्यांची पकड कमी होते. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर (म्हणजे आवळण्याच्या ठरावीक जोरानंतर) आणखी ९० अंश फिरवून ताणायचे असतात, ते पुन्हा वापरतच नाहीत.

जागा आणि हत्यारं

जमीन सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक जॅकखाली खचतात, आणि खालून पोकळ असलेली शहाबादी फरशी तडकते. जॅक आणि स्टँडखाली निदान १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे तुकडे टाका. चिरे, विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक यांच्यावर गाडी टेकवू नका. जांभा चिरा घर उभं करायला उत्तम, पण एका टोकावर भार आला की तो कसलीही पूर्वसूचना न देता फुटतो.

लागणारी हत्यारं अशी: दोन किंवा तीन टनांचा ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, बीम तोलायला दुसरा लहान जॅक, सॉकेटचा संच, रिंग पाने, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, ॲलन की, तारेचा ब्रश, पहार, गंज सोडवणारा स्प्रे, मापपट्टी, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे. गाडीसोबत आलेला कात्री-जॅक रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली एक हातसुद्धा घालू नका. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय सुरुवात करू नका. आणि आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे आधीच कागदावर उतरवून घ्या. ते गाडीगणिक बदलतात, अंदाजाने चालत नाही.

आदल्या संध्याकाळी

मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप फसवतं. डिकी रिकामी ठेवा आणि टाकीत किती पेट्रोल आहे तेही लिहून ठेवा. पुढचीही दोन मापं घ्या, हेडलाइटच्या वेळी उपयोगी पडतात.

मग शॉकअपचा खालचा बोल्ट तारेच्या ब्रशने घासून त्यावर स्प्रे मारा, आणि तासाभराने पुन्हा मारा. या बोल्टचा दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून चिकटलेला असतो. समुद्राजवळच्या गाडीला दोन दिवस आधीपासून स्प्रे मारत राहा.

गाडी उचलणं

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि तीच चाकं हवेत जाणार आहेत, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवर जॅक लावून गाडी उचला, दोन्ही बाजूंच्या दारांच्या उंबऱ्याखाली, ठरवून दिलेल्या भक्कम जागी स्टँड लावा आणि गाडी सावकाश त्यांच्यावर टेकवा. आता दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवून पाहा. हलली तर खाली उतरवून पुन्हा मांडा. काढलेली चाकं उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

जुने भाग काढणं

आधी लहान जॅक बीमखाली, स्प्रिंगच्या वाटीच्या जवळ लावा आणि बीमला नुसता आधार येईल इतपत वर घ्या. ही पायरी वगळू नका. पुष्कळ गाड्यांत चाक किती खाली जाईल ते शॉकअपच ठरवतो. आधाराविना बोल्ट काढला की बीम खाली कोसळतो आणि त्याचा सगळा हिसका ब्रेकच्या रबरी नळीला बसतो.

बीमवरून जाणारी ब्रेकची नळी, एबीएस सेन्सरची वायर आणि हँडब्रेकची केबल कुठे क्लिपमध्ये अडकवली आहे ते पाहा. मोबाइलवर फोटो काढा आणि ज्या क्लिप ताणल्या जातील त्या सोडवा. एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागच्या बीमला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी वाकवू नका. आणि लक्षात ठेवा, अशा गाडीची मागची उंची बदलली की तो व्हॉल्व्ह चुकीचा भार मोजतो आणि ब्रेकचा तोल बिघडतो.

आता शॉकअपचा खालचा बोल्ट. निघत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवा, पुन्हा स्प्रे, पुन्हा पुढेमागे. धीर धरा. गॅसची ज्योत लावून गरम करण्याचा मोह होईल, पण मागच्या बाजूला ते करायचंच नाही. शेजारी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी आहे, आणि शॉकअपमध्ये दाबलेला गॅस आहे. बोल्ट तरीही हलला नाही तर काम थांबवा, सगळं परत आवळा आणि गॅरेजला घेऊन जा.

वरचं टोक काही गाड्यांत डिकीच्या कडेच्या प्लास्टिक आवरणामागे एका नटने धरलेलं असतं, तर काहींत चाकाच्या कमानीतच दोन बोल्ट असतात. डिकीतला नट सोडताना मधला दांडा सोबत फिरतो, म्हणून तो ॲलन कीने किंवा लहान पान्याने धरायचा आणि नट रिंग पान्याने सोडवायचा.

दोन्ही बाजूंचे शॉकअप निघाले की बीमखालचा जॅक हळूहळू खाली घ्या. एक डोळा ब्रेकच्या नळीवर ठेवा. ती ताणली जातेय असं दिसताच थांबा. सहसा तोपर्यंत स्प्रिंग मोकळी होऊन हाताने निघते. थोडी अडकली असेल तर मदतनिसाला बीम हाताने खाली दाबायला सांगा. पहार वापरायचीच तर बाजूला उभं राहून, आणि स्प्रिंगमध्ये काही ताण उरलेला नाही याची खात्री करूनच.

नवी स्प्रिंग

खालची वाटी ब्रशने स्वच्छ करा. तिथला गंज खरवडून रंगाचा हात द्या आणि पाणी निघायचं भोक बुजलं असेल तर मोकळं करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण नव्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं यामुळेच वाचतं. मग रबरं बसवा. रबरावर ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने साधं रबर फुगतं. फारच घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी पुरे.

स्प्रिंगवरची अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत. काही स्प्रिंगांत एका टोकाची वेटोळी दाट असतात, ती उलटी बसली तर कळत नाही म्हणून अक्षरांकडे पाहा. स्प्रिंगचं टोक रबरातल्या पायरीला अगदी टेकलं पाहिजे. बोटाने चाचपून बघा. टोक आणि पायरी यांच्यात फट राहिली तर पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग फिरते आणि टकटक आवाज येतो.

नवा शॉकअप

खोक्यात आडवा पडून राहिलेल्या ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांच्या) शॉकअपच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो बसेल त्याच स्थितीत उभा धरा, सावकाश पूर्ण दाबा, सावकाश पूर्ण उघडू द्या. असं चार-पाच वेळा केलं की मधला पोकळ टप्पा जातो आणि दाब सलग लागतो. त्यानंतर त्याला आडवा ठेवू नका.

चकचकीत दांड्याला पकड कधीही लावू नका. त्यावर उमटलेला केसाएवढा ओरखडाही आतलं सील कापतो, आणि दोन महिन्यांत नवा शॉकअप तेल गाळू लागतो. त्याच कारणाने वरच्या नटावर इम्पॅक्ट गनही (हिसक्यांनी नट फिरवणारं यंत्र) नको.

बंप स्टॉप, धूळ-टोपी, वरचं माउंटिंग जुन्याच क्रमाने चढवा. फोटो पाहा. वरचं टोक आधी अडकवा. शॉकअप पट्टीने बांधलेला असेल तर पट्टी आता कापा, तो आपोआप खाली लांबत जाईल. मग बीम जॅकने हळू वर घ्या आणि खालचं भोक जुळलं की बोल्ट घाला. हातोड्याने ठोकून घालावा लागत असेल तर भोक जुळलेलं नाही.

आणि आता पुन्हा तीच गोष्ट: खालचा बोल्ट फक्त हाताने लावा. पूर्ण आवळू नका.

भार देऊन आवळणं

बुश म्हणजे लोखंडी नळीला चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी कंसात जखडली जाते. त्यानंतर चाक वरखाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळतं आणि परत सरळ होतं. गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी असताना रबर सरळ असेल, तर ते दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळेल आणि वर्षानुवर्षं टिकेल. लोंबकळलेल्या चाकावर आवळलं तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलंच राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. माझं फाटलं ते असंच. टॉर्शन बीमची पुढची मोठी बुश बदलत असाल तर तिथेही हाच नियम, किंबहुना जास्त कडक.

मूळ उंचीचीच स्प्रिंग बसवली असेल तर सोपी युक्ती आहे. बीमखालचा जॅक चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर वहीतल्या मापाइतकं होईपर्यंत वर घ्या, आणि मग टॉर्क रेंचने आवळा. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, हे पाहत राहा. दुसऱ्या बाजूला जॅक लावून तसंच करा. आदल्या संध्याकाळी घेतलेलं माप इथे कामी येतं.

स्प्रिंग वेगळ्या उंचीची असेल तर जुनं माप उपयोगाचं नाही. चाकं लावून गाडी खाली उतरवा, ठोकळे काढा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला ठेवा, मागून तीन-चारदा दाबून हलवा आणि गाडी थोडी पुढेमागे ढकला. मागचं चाक वरखाली होताना किंचित पुढेमागे सरकतं, हँडब्रेक लावलेला असेल तर ते अडकतं आणि गाडी खरी बसत नाही. आता पुन्हा ठोकळे लावा आणि बाजूने हात घालून बोल्ट आवळा. जागा पुरत नसेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम लाकडी फळ्यांवर चढवून घ्या.

वरच्या नटाचा टॉर्क कमी असतो, खालच्याचा बराच जास्त. मॅन्युअलमधला आकडाच धरा. चाकांचे नट चांदणीसारखे एकाआड एक आवळा. छोट्या गाड्यांत ते साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतात. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारा, नंतर सैल झाला की लगेच दिसतो.

रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

क्लिप पुन्हा अडकवल्या का, नळी कुठे घासत नाही ना, हे टॉर्चने पाहा. ब्रेकचं पेडल दाबून बघा. मग गल्लीतच, गतिरोधकावरून हळू चालवा आणि काच खाली करून ऐका. टकटक आवाज वरून येत असेल तर वरचं माउंटिंग, खालून येत असेल तर स्प्रिंगचं टोक. एबीएसचा दिवा लागला तर सेन्सरची वायर.

रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत पाहा. मागची बाजू वर आली की झोत खाली जातो, खाली गेली की समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टॉर्शन बीमच्या बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांचं अलाइनमेंट फिरवायची सोय नसते, तरी मोजून घ्या. बीम वाकलेला असेल तर तिथेच कळतं.

दोन-तीनशे किलोमीटर झाले की रंगाच्या रेघा तपासा, चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने पाहा आणि उंची मोजा. नवी स्प्रिंग थोडी बसते. दोन्ही बाजूंत पाच मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी त्याची काळजी करत नाही. त्याहून जास्त असेल तर एका बाजूची स्प्रिंग वाटीत नीट बसलेली नाही असं धरून चाक पुन्हा उघडतो.

जुने शॉकअप भंगारात देताना भंगारवाल्याला स्पष्ट सांगा, यात गॅस भरलेला आहे, याला कटर लावू नको आणि हे आगीत टाकू नको.